तिसऱ्या हाकेला ओ

आधीच सांगून ठेवते, मी असल्या गोष्टींना हसणारी बाई आहे. लग्न होऊन सासरी आले तेव्हा दाराला टांगलेली लिंबू-मिरची पहिल्याच आठवड्यात काढून फेकली होती, त्यावरून सासूबाईंशी जे वाजलं ते वेगळंच. या सदरात लोक पांढऱ्या साडीतल्या बाया नि पिंपळाखालचे म्हातारे लिहितात... मी चहा पिता पिता वाचते आणि नवऱ्याला वाचून दाखवून हसते. तर आता तुम्ही माझ्यावर हसा. फक्त पूर्ण वाचून हसा. कारण हे लिहायला बसल्यापासून मी दोनदा उठून गॅस बंद आहे का बघून आले, आणि गॅस मी आज पेटवलेलाच नाही.

गाव मोहाडी, जिल्हा भंडारा. गोंदिया नुकताच वेगळा झाला होता, लोक अजून पत्ता लिहिताना चुकायचे — तेव्हाची गोष्ट. आमचं घर विणकरांचं. आजोबांपर्यंत माग चालला, मग बाबांनी साड्यांचं दुकान टाकलं. पुढे दुकान, मागे घर, आणि मध्ये एक लांबडी खोली, जिथे पूर्वी माग होता. त्या खोलीत माझा कम्प्युटर. मी नागपूरला शिकून परत आले होते, लग्न जमत नव्हतं (खरं म्हणजे मी जमू देत नव्हते), सकाळी भंडाऱ्याला एका क्लासमध्ये शिकवायची आणि दुपारी घरी येऊन बोर्ड चालवायची.

बोर्ड म्हणजे काय, ते आता सांगावं लागेल. इंटरनेट हवं तर तेव्हा नागपूरला एसटीडी लावायची, लागली तर लागली. म्हणून आम्ही काही हौशी मंडळींनी आपलंच सुरू केलं. माझ्या कम्प्युटरला मोडेम, मोडेमला दुकानाचा फोन. तुम्ही तुमच्या घरून मोडेमनं माझा नंबर लावायचा, की माझ्याकडचे निरोप तुमच्या स्क्रीनवर. वाचा, इंग्रजी अक्षरांत मराठी उत्तर लिहा, एखादा खेळ खेळा, फोन ठेवा — मग दुसऱ्याचा नंबर. लाइन एकच, म्हणून एका वेळी माणूसही एकच. मोठ्या शहरांतले लोक तोवर हे विसरून गेले होते, आमच्याकडे मात्र नवलाई होती. दुपारी दुकान जेवणासाठी बंद असायचं, तेवढा वेळ फोन माझा. शटर वर गेलं की बाबा ओरडायचे, "सोड वो तो फोन, गिऱ्हाईक येऊन राह्यलं!"

बोर्डाला जे छोटे छोटे प्रोग्रॅम जोडतात त्यांना बाहेर 'डोअर' म्हणत, आम्ही 'जोड' म्हणायचो. बोर्डावर एक कोपराच होता — 'नवी जोड सुचवा'. सगळे सुचवायचे, आणि मी शिव्या देत देत लिहायची. तुमसरचा प्रमोद, त्याचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान, माझ्याच वयाचा असून मला ताई म्हणायचा — त्याला धानाच्या व्यापाराचा खेळ हवा होता. भंडाऱ्याच्या एका सरांना कुंडली हवी होती. मी म्हटलं, ते माझ्या बोर्डावर नाही, माफ करा. मला स्वतःला साडीचे काठ स्क्रीनवर मांडता येतील अशी जोड करायची होती, चौकोनाला चौकोन लावून करवतकाठ.

आणि मग देवरामकाका! आंबागडला, किल्ल्याच्या डोंगराखाली एकटे राहायचे. वनखात्यातून रिटायर, बायको वारलेली, मुलगा पुण्याला. त्यानं जुना कम्प्युटर आणून टाकला होता, म्हाताऱ्याचा वेळ जावा म्हणून. म्हाताऱ्यानं आमचा वेळ खाल्ला! रोज नवी कल्पना. मोहाडीच्या बाजाराला कोण कोणत्या गाडीनं निघालं ते सांगणारी जोड. तळ्यात पाणी किती उरलं ते विचारत फिरणारी जोड. दोन माणसं बोर्डावर भांडली तर त्यांचे निरोप डोकं थंड होईपर्यंत अडकवून ठेवणारी जोड. (ही मी खरंच लिहिली. सगळ्यात जास्त वेळा मीच अडकले.)

एकदा त्यांनी 'हाक' सुचवली. तो निरोप मला जवळपास शब्दाला शब्द आठवतो.

"पोरी, आमी मोहाफुलं येचाले जंगलात जावो तं परतेक जन आपल्या झाडाखाली. कोणी कोणाले दिसे नाही. मंग थोड्या थोड्या येळानं हाक मारा लागे. तिकडून ओ आली का समजाचं, मानूस ठीक हाये. नाही आली का सारे टोपले टाकून पाहाले जात. माह्या बायकोचा गळा खनखनीत, मी पयलेपासून घोगरा. म्हून आमच्याकडून दोन हाका ती मारे, तिसरी मी. तसं तुह्या बोर्डानं कराव. एकट्या मानसाले रोज हाक माराव. ओ नाही आली तं दुसऱ्याले सांगाव, बाप्पा, जाऊन पाय."

वाचून हसले आधी. मग दिवसभर ते डोक्यातून जाईना. आमच्यातले बरेच जण तसे एकटेच होते की. शेवटी लिहिली जोड. दुपारी बोर्ड उघडला की तो आपण होऊन एकेकाला फोन लावायचा, पलीकडचा मोडेम उचलायचा, त्या माणसाच्या स्क्रीनवर चौकट यायची — HAAK, खाली त्याचं नाव. त्यानं O दाबायचं. नाही दाबलं तर जवळच्या सभासदाला मी कळवायचं आणि त्यानं जाऊन बघायचं.

पहिल्याच दिवशी काकांकडून ओ नाही. मी प्रमोदला फोन केला, तो दुकान टाकून मोटरसायकलनं आंबागडला धावला. बघतो तर काका कम्प्युटरसमोर बसून मजेत पोहे खात होते!

"काका, हाक आली नाही का?"

"आली नं."

"मग ओ काहून नाही देली?"

"एका हाकेले ओ देत असते का बे, भैताडा? जंगलात जे एकच डाव हाक मारते ते मानूस नसते. दोनालेही द्याची नाही. तिसरी आली का मंगच द्याची."

प्रमोद भडकला, मी त्याहून भडकले. काकांना बोर्डावर लिहिलं, ही अंधश्रद्धा माझ्या प्रोग्रॅममध्ये चालणार नाही. त्यांचं उत्तर आलं, "मंग रोज प्रमोदले पाठवत जा, पोहे करून ठेवतो." काय करता! गुपचूप तीन हाका केल्या. पहिल्या दोन हाकांना काका हाताची घडी घालून बसायचे आणि तिसरीला ओ. एकदा प्रमोदच्या दुकानातल्या कम्प्युटरवर बसून मी स्वतः हाक घेऊन पाहिली, तर पहिल्या हाकेला माझंच बोट उठेना. सवय अशी लागते बघा.

त्यानंतर काकांची नवी सूचना आली. बोर्ड माणसाला हाक मारतो ते ठीक, पण माणूसच कुठं पडला-झडला तर त्यानं बोर्डाला हाक कशी मारायची? तेवढी जोड लिही. मी लिहिलं, "काका, त्यासाठी पडणाऱ्याला कम्प्युटर डोक्यावर घेऊन पडावं लागेल. नाही जमायचं." सगळे हसले, काकाही हसले. ती जोड मी लिहिली नाही. एक ओळसुद्धा नाही. हे लक्षात ठेवा.

तर तो दिवस. चैत्र संपत आलेला, लग्नसराईचे दिवस, ऊन असं की शटरला हात लावला तर चटका बसावा. बाबा सकाळीच म्हणाले, "आज तुह्यं बोर्ड-फोर्ड बंद. व्यापाऱ्याचा फोन येणार हाये, माल सांगायचा हाये." मी चिडले, पण लग्नसराईत बाबांशी वाद घालण्यात अर्थ नसतो. बोर्ड चालू केलाच नाही. मोडेमचं बटण बंद. करवतकाठाच्या जोडीचं काम काढून बसले. पुढे दुकानात बाबांचा फोन सुरू झाला. "हाव हाव, जांभळा पन टाका, मेंदी रंग नको बाप्पा, मागच्या डाव पडून राहिला..." असं चाललं होतं. मला सगळं ऐकू येत होतं, मध्ये फक्त एक पडदा होता.

माझं मन लागत नव्हतं. उगाच. उठले, पाणी प्याले, बसले, पुन्हा उठले. पंखा फिरत होता तरी जीव गुदमरल्यासारखा. काठातला एक चौकोन चुकत होता आणि तो काही केल्या सापडेना.

आणि स्क्रीनवर चौकट आली. HAAK. खाली नाव असायला हवं, तिथे कोरं.

माझ्याच काठाच्या मधोमध. मला वाटलं, काहीतरी चुकीचं बटण दाबलं गेलं. पण ही चौकट माझ्या स्क्रीनवर यायचं कामच नव्हतं, ती पलीकडच्या माणसासाठी होती. शिवाय बोर्ड बंद. मोडेमकडे पाहिलं, एकही दिवा नाही. फोन तर बाबांच्या कानाला! मी हात मागे घेऊन बसले. चौकट गेली.

मग पुन्हा आली. HAAK. नाव कोरंच. मी बघत राहिले. खरं सांगते, तेव्हा भीती नाही वाटली, राग आला. कोण चेष्टा करतंय माझ्या मशीनशी? गेली.

तिसऱ्यांदा आली तेव्हा खाली नाव होतं. DEVRAM.

माझं बोट O वर गेलं, आणि बोटाच्याही आधी तोंडातून निघालं. मोठ्यानं, चिडून, पोरं खेळताना आईनं हाक मारली की देतात तशी — "ओऽऽ!"

पडद्यापलीकडे बाबा थबकले. फोनवर हात ठेवून म्हणाले, "कोणाले ओ देऊन राहिली वो?"

"कोणाले नाही," म्हटलं. म्हणता म्हणताच उठले, दुकानात गेले आणि बाबांच्या हातातला फोन घेऊन चक्क ठेवून दिला. मेंदी रंग तिकडेच राहिला. बाबांचं तोंड उघडं ते उघडंच. मी काकांचा नंबर लावला. घंटा वाजत राहिली, कोणी उचलेना. पुन्हा लावला. पुन्हा. तीनही वेळा तेच.

मग प्रमोद. "अवो ताई, बुढा झोपला असन. नाही तं पोहे खाऊन राहिला असन. या उन्हात मी नाही जात आता, एक डाव उल्लू बनलो तेवढं पुरे."

"तीन हाका झाल्या, प्रमोद. ओ नाही आली. नियम काय आहे?"

"बोर्ड तं बंद हाये ना आज? तूच सकाळी फोनवर सांगतलं."

मी रडायला लागले. मी! बाबा जवळ येऊन उभे राहिले. प्रमोद म्हणाला, "बरं, निघालो."

तो येईपर्यंतची दुपार मी कशी काढली ते मलाच माहीत. दुकानातून मागच्या खोलीत, खोलीतून अंगणात. बाबांनी शटर उघडलंच नाही. व्यापाऱ्याचा फोन आला तर "नंतर" म्हणून ठेवून दिला, एरवी हा माणूस गिऱ्हाईकासाठी ताटावरून उठायचा. आईनं ताक आणून दिलं, ते तसंच राहिलं.

प्रमोदचा फोन तुमसरच्या दवाखान्यातून आला. काका सापडले होते. पहाटे मोहा वेचायला गेले होते, म्हातारपणी, एकटे, कोणाला न सांगता — सवय जाईना. किल्ल्याखालच्या कोरड्या नाल्यात पाय घसरून पडले, मांडीचं हाड मोडलं. शेजारणीनं त्यांना टोपली घेऊन त्या बाजूला जाताना पाहिलं होतं, म्हणून प्रमोद आणि गावातली माणसं तिकडे गेली. खाटेवर घालून रस्त्यापर्यंत आणलं. डॉक्टर म्हणाले, या उन्हात आणखी थोडा उशीर झाला असता तर आणून उपयोग नव्हता.

"आणि ताई," प्रमोद म्हणाला, "आमाले पाहून पयले काय म्हणाले सांगू? म्हणे, ताईनं धाडलं ना? तिची ओ आली मले."

दुसऱ्या दिवशी बाबांना घेऊन मी तुमसरला गेले. काका खाटेवर, ओठ फुटलेले, डोळे मात्र तेच, मिश्किल. मी आधी खूप बोलले. या वयात मोहा काय करायचा होता, कळत नाही का, वगैरे. ते ऐकून घेत होते. मग मी विचारलं, जे रात्रभर घशात अडकलं होतं ते.

"काका, हाक कशी मारली?"

"तोंडानं. अजून कायनं मारतेत? सावली पायाशी आली तवा वाटलं, आता पोरीच्या बोर्डाची येळ झाली. म्हटलं पाहू मारून. मारली. तुही ओ आली. चिडकी." ते हसले, हसताना दुखलं. "ओ देतानाही खेकसते वो तू."

ती ओ मी आणि बाबा सोडून कोणी ऐकली नव्हती. मोहाडीहून आंबागड म्हणजे काही हाकेच्या अंतरावर नाही. आणि कम्प्युटरचं म्हणाल, तर आंबागडची लाइट सकाळपासून गेलेली होती, प्रमोदनं स्वतः पाहिलं. काकांचं मशीन थंडगार होतं.

"पण तिसऱ्या हाकेपर्यंत मी ओ दिली नाही हं," मी म्हटलं. काहीतरी बोलायचं म्हणून. "तुमचाच नियम."

"तिसऱ्या?" काकांनी माझ्याकडे पाहिलं. "तीन कुठल्या? मी एकच मारली. घसा वाळून लाकूड झाल्ता, दुसरी निंघालीच नाही."

"तीन होत्या काका. पहिल्या दोन कोऱ्या. तिसरीवर तुमचं नाव होतं."

वॉर्डात कोणाचं तरी लेकरू रडत होतं. बऱ्याच वेळानं काकांनी विचारलं, अगदी हळू, लाजल्यासारखं, "त्या पयल्या दोन... आवाज कसा होता वो, पोरी? खनखनीत होता?"

दोन हाका ती मारे, तिसरी मी — मला तेव्हा कुठे समजलं ते काय विचारताहेत. आणि मी काय सांगणार होते?

"काका, स्क्रीनवर आवाज नसतो. नुसती अक्षरं होती."

"हाव," ते म्हणाले. "अक्षरं असतीन." आणि त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. मला इतकं वाईट वाटलं की काय सांगू... खोटं बोलले असते तर काय बिघडलं असतं? पण सुचलं नाही.

नंतर सगळ्यांनी आपापल्या परीनं अर्थ लावले. प्रमोदनं माझा प्रोग्रॅम ओळ न् ओळ वाचला, बाहेरून आलेली हाक दाखवणारं काही त्यात नव्हतंच. मग म्हणाला व्हायरस असेल. व्हायरसला काकांची हाक कशी कळली? भंडाऱ्याचे सर म्हणाले ग्रहमान. माझा नवरा म्हणतो, ऊन लागलं होतं तुला, बाकी योगायोग. असेल. पण काकांनी ऐकलेली ती खेकसणारी ओ? तिथे तो चहाचं विचारतो.

काका काठी टेकत घरी गेले आणि बोर्डावर परत आले. 'नवी जोड सुचवा'मध्ये त्यांचा पहिला निरोप होता, "हाकेले आवाज पायजे. अक्षरानं मानूस ओळखू येत नाही." मी खरंच प्रयत्न केला. पुस्तकं मागवली, नागपूरला जाऊन एका ओळखीच्याला विचारून आले. त्या मोडेमवर ते होण्यासारखं नव्हतं. काका दर थोड्या दिवसांनी विचारायचे, "झालं का वो?" मी म्हणायची, करून राहिली, काका. मग घरोघर इंटरनेट आलं, बोर्ड बंद पडला, माझं लग्न झालं. काका पुढे काही वर्षांनी गेले, आपल्या घरी, झोपेत. ती जोड राहिली ती राहिलीच.

अजूनही दुपारची वेळ मला एका जागी बसू देत नाही. मोबाइल वाजला तर पहिल्यांदा उचलत नाही, दुसऱ्यांदाही नाही. घरचे वैतागतात. वैतागू देत.

बाबा आता थकलेत. मी मोहाडीला गेले की टीव्ही बघता बघता मध्येच विचारतात, "त्या दिवशी ओ कोणाले देली होती वो तू?" मी दर वेळी म्हणते, देवरामकाकांना. बाबा मान हलवतात आणि पुन्हा टीव्ही बघतात. पण ते काही खरं उत्तर नाही, हे त्यांनाही माहीत आहे. काकांनी हाक एकच मारली होती, आणि एका हाकेला मी ओ दिलीच नसती. त्यांनीच शिकवलं होतं तसं.